घरपट्टी नमुना आठला आहे, पण रस्ता नमुना तेवीसला आहे का?

प्रश्न कुणाचा आहे माहीत नाही, पण वाचला आणि हसू आलं, कारण हाच प्रश्न मला नोकरीत निदान वीस कॉलन्यांनी विचारलाय, फक्त टेबलाच्या पलीकडनं आणि जरा चढ्या आवाजात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की साताऱ्याला लागून असलेल्या गावात २०१६ ला प्लॉट घेतला, घर बांधलं, कॉलनीत आता ४२ घरं झालीत, घरपट्टी सगळे वेळेवर भरता, पण रस्ता अजून मुरमाचा, पावसाळ्यात गाडी रुतते, गटर नाही, सांडपाणी शेवटच्या मोकळ्या प्लॉटात साचतंय आणि डासांनी जीव नकोसा केलाय. सरपंच म्हणतात निधी नाही, ग्रामसेवक म्हणतात कॉलनी हस्तांतरित नाही, आणि ज्यानं प्लॉट विकले तो फोन उचलत नाही. मग तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. घरपट्टी बंद करावी का, कोर्टात जावं का, का गप बसून शहराच्या हद्दवाढीची वाट बघावी.

मी सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं ग्रामसेविका आणि पुढं ग्रामविकास अधिकारी म्हणून काढली. सुरुवात माण तालुक्यात, तिथं टँकरच्या खेपा मोजण्यात उन्हाळे गेले, मग कोरेगाव, मग कराड, आणि शेवटची नऊ वर्षं साताऱ्याला खेटून असलेल्या दोन गावांत. आता त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलंय, पण गावात अजून भाऊसाहेबच चालतं, मला पण दोन-चार म्हाताऱ्या बिनधास्त भाऊसाहेब म्हणायच्या. सांगायचं हे की ते ‘कॉलनी हस्तांतरित नाही’ वाक्य मी स्वतः शंभरदा बोललेय. ते निम्मं खरं असतंय आणि निम्मं समोरच्याला वाटेला लावायचं असतंय. खरं निम्मं कुठलं ते सांगते.

ग्रामपंचायतीत ज्या वह्या ठेवाव्या लागतात त्यांना नमुने म्हणतात, १ पासून ३३ पर्यंत. तुमच्या कामाच्या त्यातल्या दोन. नमुना ८ म्हणजे कर आकारणीचं रजिस्टर. घर उभं राहिलं की आमचा शिपाई टेप घेऊन यायचा आणि तुमचं नाव नमुना ८ ला चढायचं, इथं कुणी विसरत नाही कारण इथनं पैसा येतो. दुसरा नमुना २३, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. रस्ता कुठनं कुठपर्यंत, लांबी किती, रुंदी किती, कधी केला, काय खर्च झाला. जो रस्ता या वहीत नाही तो ग्रामपंचायतीच्या लेखी रस्ताच नाही, ती कुणाची तरी खासगी जमीन आहे, आणि खासगी जमिनीवर सरकारी पैशातनं काँक्रीट टाकलं की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि ते पैसे सरपंच आणि ग्रामसेवकाच्या नावावर वसुलीला लागतात. रिटायर होताना एकेका आक्षेपापायी पेन्शन अडकलेली माणसं मी बघितलीत, त्यामुळं तुमचा ग्रामसेवक घाबरत असेल तर तो उगाच घाबरत नाही.

आणि तिसरी वही ग्रामपंचायतीची नाहीच, ती आहे मतदार यादी. ग्रामसभेचा सदस्य कोण, तर गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो. घरपट्टी भरणारा असं कायद्यात कुठंही नाही. मी एकदा एका कॉलनीत बसून मोजलं होतं, ६० घरं, मतदानाच्या वयाची माणसं दीडशेच्या वर, आणि गावच्या यादीत नावं ३१. बाकीच्यांची नावं खटावला, पाटणला, जावळीत, आपापल्या मूळ गावी, कारण तिथं भावकीतलं कुणीतरी उभं राहतंय आणि मताला गेलं नाही तर दिवाळीला तोंड दाखवायची चोरी. मला ते समजतं, माझंच नाव किती वर्षं सासरच्या गावाला होतं. पण मग सरपंचाच्या जागी बसून बघा. त्याच्याकडं एक गल्ली आहे जिथं २१० मतं आहेत आणि एक कॉलनी आहे जिथं ३१, आणि पैसा एकाच कामाला पुरतोय.

तेव्हा तुमची कॉलनी जमिनीवर पूर्ण आहे, दप्तरात एक तृतीयांश. रस्ता निघणार तो उरलेल्या दोन वह्यांतनं.

आता रस्त्याच्या कागदाचं. इथं परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे आणि तुम्ही ती लिहिलेली नाही. तुमचं लेआउट मंजूर आहे का, म्हणजे बिनशेतीचा आदेश आणि नगररचनेचा शिक्का असलेला नकाशा आहे का, का एक-एक, दोन-दोन गुंठ्याचं खरेदीखत करून दिलंय? सांगली-मिरजेकडं तर गुंठेवारीच्या अख्ख्या वसाहती आहेत, त्यांच्यासाठी २००१ चा नियमितीकरणाचा वेगळा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनं त्यात ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं घेतली, पण ती वाट वेगळी, तिथं आधी नियमितीकरण आणि मग सुविधा. तुमचं बिनशेती असेल असं धरून चालते. तर पहिल्यांदा तो आदेश वाचा. त्याच्या अटींमध्ये अंतर्गत रस्ते आणि गटर कुणी करायचं हे बहुतेक लिहिलेलं असतं, आणि ते ज्यानं प्लॉट पाडले त्यानं करायचं असं असतं. प्लॉट घेताना हा आदेश कुणी वाचत नाही, फायलीला लावतात आणि फाइल कपाटात.

मग रस्त्याचा सातबारा काढा. नकाशात नऊ मीटर रस्ता दाखवलेला असतो पण सातबाऱ्यावर ती जागा अजून मूळ मालकाच्या नावावरच असते, मोकळी जागा पण तशीच. मालक जिवंत आहे, ओळखीचा आहे, तोपर्यंत काही होत नाही. माझ्या एका गावात म्हातारा मालक गेला, चार वारसांची नावं लागली, त्यातल्या एका जावयानं रस्त्याच्या शेवटच्या तुकड्यावर चार सिमेंटचे पोल रोवले आणि शेजारच्या प्लॉटवाल्याला ती पट्टी विकायला काढली. नकाशात रस्ता, सातबाऱ्याला वारस. ते मिटायला सहा वर्षं लागली. म्हातारा रोज पारावर बसलेला असायचा, त्याला घेऊन दुय्यम निबंधकाकडं गेलो असतो तर एका दुपारचं काम होतं, ही चूक कॉलनीची जेवढी तेवढीच माझी पण. म्हणून म्हणते, पक्कं काम म्हणजे रस्ता आणि मोकळी जागा यांचं ग्रामपंचायतीच्या नावानं नोंदणीकृत बक्षीसपत्र, त्यावर फेरफार, मग मासिक सभेचा ठराव की हे रस्ते ताब्यात घेतले, आणि मग नमुना २३ ला नोंद. संमतीपत्रावर भागवणारे पण आहेत, पण वारसांच्या पुढं ते टिकेल याची मी खात्री देणार नाही.

तो प्लॉटवाला फोन उचलत नाही म्हणताय. उचलणार नाहीच, तुमच्याकडनं त्याला आता काय मिळायचंय? पण असली माणसं एका लेआउटवर थांबत नाहीत. आसपासच्या गट नंबरात फिरा, त्याचा किंवा त्याच्या भागीदाराचा नवीन प्लॉटिंगचा बोर्ड कुठंतरी दिसेल. नव्या लेआउटला त्याला ग्रामपंचायतीचा काही ना काही कागद लागतोच, पाण्याचा म्हणा, नाहरकत म्हणा. त्या महिन्याच्या मासिक सभेत जुन्या कॉलनीचं हस्तांतर आधी, असा मुद्दा एखाद्या सदस्यानं लावून धरला तर तो माणूस स्वतः फोन करतो. मी हे दोनदा बघितलंय आणि दोन्ही वेळेला सदस्य त्या कॉलनीतलाच होता. सदस्य कॉलनीतला कसा झाला, तर मतदार यादी. फिरून तिथंच येतंय बघा.

आता घरपट्टी. बंद करू नका. नीतीबिती राहू दे, हिशोबानं सांगते. समजा घरटी १८०० रुपये वर्षाला, ४२ घरांचे झाले ७५,६००. अडीचशे मीटर काँक्रीट आणि दोन्ही बाजूनं बांधीव गटर म्हणजे आजच्या दरानं पंचवीस लाखांच्या खाली होत नाही. तुमच्या घरपट्टीतला एकही रुपया दुसरीकडं न जाता साठवला तरी ३३ वर्षं. आणि तो साठत नाही, त्यातनं शिपायाचा आणि पाणीवाल्याचा पगार, लाइटबिल, ब्लीचिंग पावडर जातं, शिवाय स्वतःच्या उत्पन्नातनं १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणला, ५ टक्के दिव्यांगांना हे बाजूला काढावंच लागतं. म्हणजे तुम्ही घरपट्टी थांबवून ग्रामपंचायतीला जेवढं दुखवणार असं वाटतंय तेवढं दुखत नाही. उलट एक गोष्ट होते जी लोकांना माहीत नसते, थकबाकीदाराला निवडणूक लढवता येत नाही. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर तो माणूस सदस्य व्हायला अपात्र. एका कॉलनीनं असाच बहिष्कार टाकला होता, पुढच्याच वर्षी निवडणूक लागली, त्यांनी चांगल्या रिटायर्ड मास्तरांना उभं केलं आणि छाननीत अर्ज बाद. विरोधकानं काही केलं नाही, फक्त थकबाकीचा दाखला काढून आणला. मीच दिला, द्यावाच लागतो.

पैसा मग येतो कुठनं? मोठी कामं बाहेरच्या पैशातनं होतात. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी, २०२०-२१ ते २०२५-२६ चा, त्यात पहिलं वर्ष सोडलं तर ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित अशी वाटणी होती. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छता सोडून दुसरीकडं खर्चच करायचा नाही. आता बघा, रस्ता हा अबंधितमधला, ज्याच्यावर अख्ख्या गावाची नजर, कुणाला सभामंडप पाहिजे, कुणाला शाळेची कंपाउंड. आणि सांडपाणी बंधितमधलं, जिथं कितीतरी ग्रामपंचायतींना वर्षाअखेर काम काय दाखवावं हे सुचत नाही. तुम्ही रस्ता मागत बसलात. गटर मागा, सांडपाण्याचं काम मागा, ते लवकर बसतं. पुढच्या आयोगाची वाटणी कशी आली ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या आणि त्याप्रमाणं मागणीचा कागद बनवा. मागणी कुठल्या डब्यातनं भागेल हे जो आधी बघतो त्याचं काम आधी होतं. रस्त्यासाठी नंतर आमदार-खासदार निधी आहे, जिल्हा नियोजनचा नागरी सुविधा, जनसुविधाचा पैसा आहे, आणि ज्याला सगळे पंचवीस-पंधरा म्हणतात तो ग्रामविकास खात्याचा निधी आहे. या सगळ्यांना जागा ग्रामपंचायतीची असल्याचा दाखला लागतो, म्हणजे परत नमुना २३.

आणखी एक. हा आयोगाचा पैसा गावाला मिळताना लोकसंख्या मोजली जाते २०११ च्या जनगणनेची. २०२१ ची झालीच नाही. शहराला चिकटलेल्या गावांची यात पार वाट लागलीय, २०११ ला जिथं ज्वारी होती तिथं आज चारशे फ्लॅट, पण निधी ज्वारीच्या हिशोबानं. तुमच्या सरपंचाचं ‘निधी नाही’ हे इथं अगदी खरं आहे. आता जनगणना लागलीय, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ ला आहे, तेव्हा घरात कुणीतरी असा आणि जिथं राहता तिथं नोंद करा, मूळ गावी मोजून घेतलं की पुढची बरीच वर्षं तुमचा वाटा तिकडं.

कामाचा क्रम हा पण मोठा विषय आहे आणि इथं मी जरा रेंगाळणार. कॉलन्यांना आधी रस्ता पाहिजे असतो कारण रस्ता दिसतो. मी सांगते आधी पाण्याची पाइप, मग गटर, मग सगळ्यात शेवटी रस्ता. जलजीवनच्या नळयोजनेच्या वेळी कितीतरी गावांत नवेकोरे काँक्रीटचे रस्ते पाइपसाठी चिरले, आणि चिरलेला रस्ता कधी परत पहिल्यासारखा होत नाही. शिवाय गटर नसताना रस्ता केला की रस्त्याची उंची वाढते, पाणी लोकांच्या अंगणात शिरतं, मग जो तो आपल्या दारात भर टाकतो, आणि पाच वर्षांनी गटर करायला गेलं की कुणाच्याच दारातनं लेव्हल मिळत नाही.

आणि गटर म्हणजे नुसते दोन बाजूनं सिमेंटचे कट्टे नव्हेत, ते पाणी शेवटी सोडायचं कुठं? अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या भागाला एक बरं आहे, उतार आहे, ओढे आहेत, मुरूम आहे, पाणी जिरतं. कृष्णेकडच्या काळ्या रानात बांधलेल्या कॉलन्यांत शोषखड्डा महिन्यात डबकं होतो. तुमची जमीन कसली आहे ते बघा, मुरमाड असेल तर घरटी मीटर बाय मीटर बाय मीटरचा शोषखड्डा घेतला तरी निम्मं पाणी रस्त्यावर यायचं थांबतं, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. काळी असेल तर नाद सोडा, पाइपनं ओढ्यापर्यंत न्यावं लागेल.

आणि ओढ्याच्या मधे शेत असतंय. नेहमी असतंय. कॉलनीवाल्यांना वाटतं आपलं भांडण सरपंचाशी आहे, निम्म्या वेळेला ते खालच्या शेतकऱ्याशी असतं आणि त्याला तुम्ही ओळखत पण नाही. आमच्याकडं एक अण्णा होते, कॉलनीच्या खाली त्यांचा ऊस. साबणाचं पाणी सरीत येतंय म्हणून त्यांनी बांध उंच केला आणि पाणी उलटं कॉलनीत तुंबलं. कॉलनीनं त्यांच्यावर तक्रार केली, त्यांनी कॉलनीवर केली, दोन्ही अर्ज माझ्याच टेबलावर एकाच आठवड्यात, दोन्हीत शिक्षणाचा, संस्काराचा उद्धार. अकरा महिने पत्रव्यवहार. शेवटी कॉलनीतल्या दोघी बायका, एक नर्स होती आणि एक मेस चालवायची, संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्या. अण्णांच्या मालकीणबाई आणि ती मेसवाली दोघी एकाच माहेरगावच्या निघाल्या. अण्णांचं म्हणणं एवढंच होतं, पाइप बांधाच्या कडेनं न्या, जमिनीत दोन-अडीच फूट खोल घाला की नांगराला लागणार नाही, आणि जिथं पाइप पाणंद ओलांडतोय तिथं ट्रॅक्टर जाईल अशी मोरी बांधून द्या, कारण आधी कुणीतरी खड्डा खणून ठेवल्यामुळं त्यांची उसाची ट्रॉली उलटली होती. ही मोरी अंदाजपत्रकात मी आधी घातलीच नव्हती, मला माहीतच नव्हतं. मोरी धरली, संमतीपत्र मिळालं, काम झालं.

यावरनं एक सांगावंसं वाटतं, गाव आणि कॉलनी यांचं जरा तुटलेलंच असतं. गावातले म्हणतात कॉलनीवाले, बाहेरचे. कॉलनीतले म्हणतात गावकरी, म्हणजे स्वतः गावात राहून गावकरी दुसरे. यात्रेच्या वर्गणीला पोरं आली की टीव्हीचा आवाज कमी करून दार न उघडणारी घरं मला माहितीयत. तुम्ही देव मानता का नाही हा तुमचा प्रश्न, पण तिथं फिरणाऱ्या पोरांमधलाच एक पुढं पंचायतीत येतो. छबिन्याच्या, म्हणजे देवाच्या पालखीच्या रात्री जरा जाऊन उभं राहिलं, कुणाच्या मयताला गेलं, तर बिघडत नाही. वर्गणी दिली म्हणजे रस्ता मिळतो असं मी म्हणत नाहीये हां, तसं समजू नका. ग्रामसभेत तुम्ही उठून बोलायला लागल्यावर मागनं कुणी ‘हा कोण’ असं विचारू नये, एवढ्यापुरतंच.

ग्रामसभेचं आता नीट समजून घ्या कारण सुशिक्षित माणसं इथंच चुकतात. वर्षातनं किमान चार घ्याव्याच लागतात. लोक येतात १५ ऑगस्टला, तुम्ही तेव्हा पोरांच्या शाळेत झेंडावंदनाला नाहीतर ठोसेघरला धबधबा बघायला. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. ती होत नाही, सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पुढच्या तारखेला पंधरा माणसं येतात, चहा होतो आणि अख्ख्या वर्षाचा आराखडा पास. मी हे चुकीचं म्हणत नाही, कायदाच तसा आहे, पण त्या पंधरांत तुमचे आठ असले तर? मूळ सभेला शंभर जमवायच्या मागं लागू नका, तहकूब सभेची तारीख कळवून घ्या आणि तिला या. त्याच्या आधी वॉर्डसभा असते, महिलांची वेगळी सभा असते, तिथं तर मैदान मोकळंच. एका कॉलनीतनं ३५ बायका महिला सभेला आल्या होत्या, माझ्याकडं खुर्च्या नव्हत्या, शाळेच्या सतरंज्या आणल्या. त्यांचा सांडपाण्याचा ठराव पुढं ग्रामसभेत टाळायची कुणाची छाती झाली नाही, कारण त्यातल्या निम्म्या परत तिथं येऊन बसल्या होत्या.

बोलताना भाषण करू नका. एकच कागद, त्यावर काम काय, लांबी किती, जागा कुणाची, कुठल्या निधीतनं. आणि ठराव झाला की नक्कल मागा, लेखी अर्ज देऊन. इतिवृत्तात तुमचा विषय ‘चर्चा झाली’ एवढ्यावर आलाय का ‘मंजूर’ आहे हे तिथंच वाचा. ‘चर्चा झाली’ ही आमच्या खात्यातली फार सोयीची दोन पदं आहेत, मी स्वतः भरपूर वापरलीत.

नक्कल नाही मिळाली तर माहिती अधिकार आहेच, दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज, ३० दिवसांत उत्तर. पण पहिल्याच दिवशी माहिती अधिकार टाकू नका. तो अर्ज पडला की ग्रामसेवक तुमच्याशी फक्त कागदानं बोलतो, मग त्याला माहीत असलेल्या चार सोयीच्या वाटा तो कशाला सांगेल.

कोर्टाचं मी थोडक्यात सांगते कारण तो माझा प्रांत नाही. ग्रामपंचायतीविरुद्ध जाण्यात तुमची वर्षं जातील आणि शेवटी आदेश आलाच तरी पैसे त्याच तिजोरीतनं यायचेत. प्लॉटवाल्याविरुद्ध जायचं तर ग्राहक आयोगात मुदतीचा प्रश्न येईल, दोन वर्षांची मुदत असते. रेरा, म्हणजे बिल्डर आणि प्लॉटवाल्यांवरचा कायदा, मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला आणि तुमचा व्यवहार २०१६ चा, तेव्हा लेआउट अपुरं होतं का पूर्ण दाखवलं होतं यावर ते ठरेल. बिनशेती आदेशाची प्रत घेऊन एकदा वकिलाकडं जाऊन या. नोटीस मात्र जरूर पाठवा, नवीन प्लॉटिंगवाल्याला असली नोटीस गिऱ्हाइकांच्या कानावर गेलेली नको असते.

राहिली हद्दवाढ. शाहूपुरी, विलासपूर हा भाग २०२० च्या सप्टेंबरात सातारा पालिकेत गेला. तिथल्या लोकांना विचारा. ग्रामपंचायत गेली म्हणजे ग्रामसभा गेली, आणि पुढच्याच वर्षाच्या शेवटी पालिकेची मुदत संपून प्रशासक आले, निवडणूक झाली थेट डिसेंबर २०२५ ला. म्हणजे जवळपास चार वर्षं ना सरपंच ना नगरसेवक, अर्ज करायचा तर साहेबांना. मोठ्या पालिकेचे पैसे मोठे हे खरं, काही भागात कामं झालीही, आणि कर पण एकदम न वाढता टप्प्याटप्प्यानं वाढतो. पण कागद तेच लागतात. ज्या कॉलनीचा रस्ता ग्रामपंचायतीकडं नोंदला नव्हता, ती पालिकेत गेल्यावर तिथला अभियंता पण पहिल्यांदा हेच विचारतो, रस्ता कुणाच्या नावावर. उलट्या बाजूचं उदाहरण म्हणजे कराडशेजारचं मलकापूर, तिथं चोवीस तास मीटरनं पाणी ज्यांनी सुरू केलं ती माणसं ग्रामपंचायतीच्या काळातलीच होती, शहरात जायची वाट बघत बसली नव्हती. तेव्हा हद्दवाढ व्हायची तेव्हा होईल, तुमच्या हातात ती नाही.

उद्या काय करायचं तर ग्रामपंचायतीत जाऊन नमुना २३ चा उतारा मागा, आणि तलाठ्याकडनं किंवा ऑनलाइन रस्त्याच्या गटाचा सातबारा काढा. त्याच आठवड्यात कॉलनीत घरोघर फिरून ज्यांची नावं दुसऱ्या गावी आहेत त्यांचे फॉर्म ८ भरा, पहिल्यांदाच मतदार होणाऱ्या पोरांचे फॉर्म ६, नावनोंदणीच्या तारखा आता वर्षाला चार आहेत त्यामुळं जानेवारीची वाट बघायला नको. भावकीतलं कुणी रुसेल, त्याला माझं नाव सांगा.

उतारा आणि सातबारा हातात आला की दोन्हींवर काय लिहिलंय ते इथं टाका, आणि जमीन मुरमाड का काळी ते पण. नावं खोडून टाका बरं का, लोक अख्खा सातबारा चिकटवतात.